ओट्यावरचा नळ पुन्हा पुन्हा ढिला होतो: हात न पोचणाऱ्या जागेतली दुरुस्ती

आधी लक्षणं

तोटी फिरवली की तोटीसोबत अख्खा नळच फिरतो. नळाची मान इकडून तिकडे नेली की बूड दगडावर डुलतं आणि सोडल्यावर तिरपंच राहतं. बुडाभोवती पांढरा खार धरतो, घासून काढला तरी परत येतो. ओट्याखाली सिलेंडरच्या मागे ओल दिसते, पण पाणी कुठून येतं ते सापडत नाही. काही घरी नळ गळत नाही, नुसता हालतो. काही घरी हालणं लक्षातही येत नाही, पण खाली ठेवलेल्या डब्यांची बुडं गंजायला लागतात. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं लक्षण हे: "भाऊ, मांगच्या महिन्यात कसून देल्ला होता, पुन्हा हालते."

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगाव भागातल्या खेड्यांमध्ये मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. बहुतेक घरी नळ चांगला असतो, त्याला दगडाखालून धरणारा नटही चांगला असतो. खोट असते ती नळ बसलेल्या दगडाच्या भोकात, नाहीतर नळाला खालून ओढणाऱ्या पाईपात. ती तशीच ठेवून नट कितीही कसला तरी काही दिवसांत नळ पुन्हा डुलणार. म्हणून खालच्या तपासण्या सोप्या आणि स्वस्तापासून सुरू केल्या आहेत. त्या क्रमानेच करा, मधली गाळू नका.

आपल्याकडे हे इतकं का होतं, तेही सांगतो. २०१९ मध्ये जलजीवन मिशन, म्हणजे घरोघरी नळाची सरकारी योजना, आल्यावर अनेक घरांच्या अंगणात नळ आला आणि मग तीच लाईन आत सैपाकघरात ओढली गेली. ओटा आधीचा, सिंक नंतरचं. जुन्या कडप्प्यावर ग्रॅनाईट टाकलं, कोपऱ्यात कापून सिंक बसवलं, आणि नळाचं भोक सिंक आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत पाडलं. वरून नळ छान दिसतो. खाली मात्र सिंकची टाकी पुढे, भिंत मागे, आणि नटापर्यंत जायला तळहात कसाबसा शिरेल एवढीच फट. नट बसवणाऱ्याने तो बोटांनी जेवढा कसता आला तेवढाच कसलेला असतो. त्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला आपला भाग. योजनेचं गोडं पाणी कमी पडलं की त्याच टाकीत बोअरचं खारं पाणी चढवतो. ते जिथे झिरपतं तिथे खार साचवतं, आणि तो खार वायसरच्या (वॉशरच्या) आणि नटाच्या आट्यांच्या (पेचांच्या) मध्ये शिरतो.

काम सुरू करण्याआधी

ओट्याखालचा सिलेंडर बंद करून बाजूला काढा. तिथे फिल्टरचा प्लग असेल तर बटण बंद करून प्लग उपसून ठेवा, कारण नट सोडताना पाणी नेमकं त्याच बाजूला जातं. हात घालण्याआधी बॅटरीने नीट पाहा. पावसाळ्यात ओलीच्या ओढीने विंचू ओट्याखाली येऊन बसतो, आणि या कामात हात न दिसणाऱ्या जागेत जातो. हे घाबरवायला सांगत नाही, दरवेळी मी स्वतः हेच आधी करतो.

पाणी बंद करणं हीच पुष्कळ घरी मोठी अडचण असते. सिंकखाली अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून निघालेल्या लाईनवरची पाणी बंद करायची छोटी तोटी, असेल तर काम सोपं. नसेल तर टाकीखालचा वॉल्व्ह. पण तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो, खाराने जाम झालेला असतो. हाताने फिरला तर ठीक. त्याला पाना लावून जोर केला तर दांडी तुटते आणि नळाचं काम बाजूला राहून टाकी गळायला लागते. अशा वेळी टाकी वापरून रिकामी होऊ द्या, किंवा टाकीच्या आतून निघणाऱ्या पाईपाच्या तोंडात कापड गुंडाळलेलं लाकडी बूच बसवा. बुचाला दोरी बांधून ठेवा, नंतर काढायला. नळ थेट ग्रामपंचायतीच्या लाईनवर असेल तर पाणी सुटण्याच्या वेळेच्या बरंच आधी काम संपेल असं बघा.

पहिली तपासणी: हालतं काय?

याला एक रुपया लागत नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच मिटतो. एका हाताने नळाचं बूड घट्ट धरा, दुसऱ्या हाताने मान हालवा. बूड स्थिर आणि फक्त मान डुलत असेल तर खाली जायची गरजच नाही. मान जिथे बुडात शिरते तिथली गोल चकती सोडा, आतलं रबरी रिंग झिजलेलं असेल. ते काढून सोबत घेऊन दुकानात जा आणि त्याच मापाचं आणा. चकती परत कसताना पान्याखाली फडकं घ्या, नाहीतर चकाकी सोलते.

फक्त मूठ हालत असेल तर मुठीवरची रंगीत टोपी नखाने उचला, खाली स्क्रू असतो. एका दांडीच्या मिक्सर नळात (गरम-थंड पाणी एकाच मुठीने) तो स्क्रू बहुधा मुठीच्या मागे बारीक भोकात असतो आणि त्याला सहाकोनी ॲलन की लागते.

बूडच दगडावर हालत असेल तर पुढे वाचा.

दुसरी तपासणी: पाणी नेमकं कुठून येतं?

ओल खाली दिसते म्हणून गळती खालीच असेल असं नाही. नळाच्या बुडातून शिरलेलं पाणी दांड्यावरून उतरत कनेक्शन पाईपाच्या (भिंतीतल्या लाईनपासून नळापर्यंत येणाऱ्या पाईपाच्या) टोकाशी थेंब धरतं, आणि माणूस चांगला असलेला पाईप बदलून बसतो. म्हणून सगळं कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि नळ बंद ठेवून थोडा वेळ थांबा. थेंब पडला तर गळती जोडावर आहे, कारण टाकीतल्या पाण्याचा दाब तिथे दिवसरात्र असतो. काहीच पडलं नाही तर नळ सुरू करा. मग आलं तर सिंकच्या निचऱ्याकडे बघा. तरीही काही नसेल तर वरून तांब्याभर पाणी नळाच्या बुडाभोवती ओता. आता खाली थेंब आला, तर पाणी दगडाच्या भोकातून उतरतं आहे.

डोळा पोचत नाही तिथे मोबाइल पोचतो. फ्लॅश लावून व्हिडिओ सुरू करा, हात फटीत घालून सावकाश फिरवा, बाहेर काढून पाहा. जिथून पांढरी खपली सुरू होते तीच गळतीची वरची जागा. पितळेवर हिरवट रंग दिसला तर ती गळती जुनी आहे. हा व्हिडिओ पुसू नका, पुढे कामाचा आहे.

तिसरी तपासणी: चेकनट

नळाच्या आट्याच्या दांड्यावर दगडाच्या खालून जो नट असतो तो चेकनट. सगळा नळ त्याच्याच जोरावर उभा असतो. आधी बोटांनीच फिरवून पाहा. ढिला नळ असलेल्या घरी तो बोटांनीच फिरतो, पाना लागतच नाही.

दिशेचा घोळ इथे फार होतो. उताणं झोपून खालून वर बघत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर नट कसला जातो. वरून वाकून हात खाली घातला असेल तर तीच दिशा तुम्हाला उलटी वाटते. खात्री नसेल तर थोडं फिरवून बघा, नट दगडाकडे सरकतो की दूर जातो ते कळतं.

या कामाला दोन माणसं हवीत. एकाने वर नळ सरळ धरून ठेवायचा, दुसऱ्याने खालून नट फिरवायचा. एकटा माणूस काय करतो, तर नट एका हाताने धरतो आणि वरून नळ फिरवून कसतो. हे कधीच करू नका. नळ फिरला की खालचा कनेक्शन पाईप पिळतो, आणि तो पीळ जाऊन बसतो भिंतीतल्या एल्बोवर, म्हणजे पाईपाच्या काटकोनी जोडावर. एल्बोला चीर गेली तर पाच मिनिटांचं काम भिंत फोडण्यावर जातं. ओट्यावरच्या नळात भिंतीतला एल्बो फुटलेला मी जिथे जिथे पाहिला, तिथे बहुधा आधी कोणीतरी वरून नळ फिरवलेला होता.

बोटं पोचतात पण जोर लागत नाही, अशा जागेसाठी लांब दांड्याचा आणि टोकाला हलता जबडा असलेला पाना येतो. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये बेसिन रेंच म्हणून मागा. गावात एकाकडे असला तरी पुरतो. तो मिळेपर्यंत एक उपाय आहे, पण कनेक्शन पाईप काढलेला असेल तरच. नटापेक्षा किंचित लहान तोंडाचा पीव्हीसी पाईपाचा तुकडा घ्या, त्याचं टोक अंगणात, उघड्यावर गरम करून नरम करा आणि त्याच मापाच्या दुसऱ्या नटावर दाबून थंड होऊ द्या. टोकाला नटाचा आकार येतो आणि लांब दांड्याचा पाना तयार होतो. त्याने फार जोर लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण या नटाला फार जोर लागतच नाही. नळ हालायचा थांबला की आणखी थोडा फिरवून सोडून द्या. जास्त आवळलं तर ग्रॅनाईट भोकापासून तडकतं. तो दगड परत जुळत नाही.

एका दांडीच्या मिक्सरला बहुधा असा चेकनट नसतो. त्याला अर्धचंद्राची पट्टी आणि बारीक आट्याचा दांडा असतो, त्यावर लहान नट. तो लहान नट सुटला की नळ एकाच बाजूला झुकतो. बाकी सगळं वरच्याप्रमाणेच.

नट खाराने जाम असेल तर हातोडी घेऊ नका. फडकं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये, नाहीतर लिंबाच्या रसात भिजवून नटाभोवती गुंडाळा आणि काही तास राहू द्या. पांढरी खपली त्याने विरघळते. नंतर पाण्याने पुसून घ्या, चकाकीवर आंबट जास्त वेळ ठेवू नये. नट लोखंडी आणि गंजलेला असेल तर व्हिनेगरऐवजी रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड इथे वापरू नका. ते पितळ आणि स्टीलचं सिंक दोन्ही खातं, आणि घरातल्या ब्लिचिंग पावडरशी त्याचा संबंध आला तर विषारी वायू तयार होतो. ओट्याखालच्या कोंदट जागेत तो सरळ छातीत जातो.

चौथी तपासणी: भोक आणि वायसर

नट कसूनही नळ महिन्याभरात ढिला होत असेल तर बहुतेक वेळा कारण इथे सापडतं. यावर वेळ घालवा.

नळाचा दांडा साधारण अर्ध्या इंची आट्याचा, आणि भोक मिस्त्रीने छिन्नीने पाडलेलं, वेडंवाकडं आणि दुप्पट मोठं. खालचा बारीक वायसर अशा भोकाच्या काठावर कसाबसा टेकतो. मान रोज इकडून तिकडे फिरते, वायसर वाकत वाकत भोकात शिरतो आणि नट ढिला पडतो. नट सुटलेला नसतो, त्याच्या खालची जागाच बसलेली असते.

उपाय स्वस्त आहे. चेकनट पूर्ण काढा, नळ वर उचला. भोकाभोवतीचा खार आणि जुनं सिमेंट खरवडून दोन्ही बाजू सपाट करा. नळाच्या बुडाखाली, म्हणजे दगडाच्या वर, जाड रबरी वायसर हवाच. मूळचा कडक झाला असेल तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कापा, सायकलची ट्यूब फार पातळ पडते. दगडाच्या खाली आधी रबर, मग भोकापेक्षा मोठी, न गंजणाऱ्या स्टीलची सपाट पट्टी किंवा मोठा वायसर, आणि मग चेकनट. वेल्डिंगच्या दुकानात स्टीलच्या पट्टीला मधोमध भोक पाडून देतात. लाकडाची फळी लावू नका. ओलीने फुगते, मग कुजते, आणि तुम्ही परत तिथेच येता.

आता आटे मोजा. ग्रॅनाईट आणि त्याखाली कडप्पा, असा दुहेरी दगड असेल तर दांड्याचे खाली निघणारे आटे पुरत नाहीत. नट तीन-चार आट्यांवरच धरलेला असतो आणि सुटतो. अशा ठिकाणी खालच्या कडप्प्याचं भोक मोठं करून नट थेट ग्रॅनाईटला टेकवावा लागतो, किंवा लांब दांड्याचा नळ घ्यावा लागतो. दगड कापणं मिस्त्रीच्या मशीनचं काम आहे, घरी छिन्नी मारू नका. उलट, आटे भरपूर उरत असतील तर पहिल्या नटाखाली दुसरा चेकनट चढवा. दोन नट एकमेकांना आवळून धरतात आणि मान फिरवल्याच्या हिसक्याने सुटत नाहीत.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. नळाच्या बुडाभोवती पांढरं सिमेंट किंवा एम-सील भरून नळ "पक्का" करू नका. चार दिवस तो खरंच हालत नाही. मग त्यात केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. पुढच्या वेळी नळ काढायला दगडावर घाव घालावे लागतात. बुडाभोवती पाणी शिरू नये एवढंच हवं असेल तर खाली रबर बसवून वर सिलिकॉनची बारीक रेघ मारा. ती पुढे ब्लेडने निघते.

पाचवी तपासणी: पाईप नळाला ओढतो आहे का?

कनेक्शन पाईप नळापासून सोडा आणि हात काढून घ्या. पाईपाचं टोक जागीच राहिलं तर ठीक. ते बाजूला उडी मारून गेलं, किंवा परत जोडायला ओढून आणावं लागलं, तर तुमचं दुखणं हेच. पाईप दिवसरात्र नळाला एका बाजूला खेचतो आहे. बैल हिसडे देत राहिला की रोवलेला खुंटा जसा सुटतो, तसा चेकनट सुटत जातो.

नवा पाईप आखूड घेतल्यामुळे हे होतं, आणि काळ्या मातीमुळेही होतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायाची भिंत तिच्यासोबत थोडी वरखाली होते, ओटा वेगळा हालतो, आणि भिंतीतून निघालेला पाईप नळाला ताण देतो. ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात चीर दिसत असेल आणि नळ दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ढिला होत असेल, तर याच कारणाचा संशय घ्या. नळापर्यंत थेट सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) कडक पाईप असेल तर तिथे लवचिक जाळीचा कनेक्शन पाईप घालून घ्या.

जाळीचे पाईप १२, १८, २४ इंच अशा लांबीत मिळतात. खेचून पुरण्यापेक्षा थोडा सैल वळसा राहील असा घ्या, पण मोडून दुमडू नका. त्याच्या टोकाच्या नटात रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेफ्लॉन टेप लावू नका. टेप वायसरच्या खाली आली तर तो नीट बसत नाही. नट हाताने पूर्ण कसा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस. टेफ्लॉन लागतो तो आट्याने पाणी अडवायचं असतं तिथे, म्हणजे अँगल कॉक एल्बोत शिरतो तिथे. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर कसताना टेप उलगडत बाहेर येते.

भिंतीतला नळ हालत असेल तर

त्याची तपासणी लहान आहे. नळामागची गोल वाटी पुढे सरकवा. नळच त्याच्या निपलवर (नळ आणि भिंतीतला एल्बो जोडणाऱ्या आट्यांच्या तुकड्यावर) ढिला असेल तर काढा, नवी टेप गुंडाळा, परत बसवा. तोंड खाली येताना थोडं पुढे गेलं म्हणून उलटं फिरवून जुळवू नका, टेप फाटते आणि तो गळतोच. परत काढून टेप कमी-जास्त करा. नळासोबत निपल आणि प्लास्टरच्या आतला एल्बोही फिरत असेल तर तिथेच हात थांबवा.

झाल्यावर

पाणी सुरू करा, खाली कोरडं वर्तमानपत्र ठेवून रात्रभर राहू द्या. आठवड्याने चेकनट एकदा हाताने पाहा. नवं रबर दबून बसतं आणि नट थोडा फिरण्याइतका सैल होतो. हा एक फेरा राहून जातो, आणि चांगलं केलेलं काम परत ढिलं पडलेलं दिसतं.

नळाच्या मानेला भरलेली बादली अडकवू नका. २० लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलो, आणि लांब मान तो भार कितीतरी पटीने बुडावर टाकते. पाण्याचा गुंड (हंडा) भरायला मानेला जाड पाईप खोचून ओढणंही तसंच. पाईप लावायचाच असेल तर त्याचं वजन ओट्यावर टेकलेलं असू द्या.

कुठे थांबून प्लंबरला बोलवायचं

भिंतीतला एल्बो फिरतो आहे. भिंतीच्या आतून, प्लास्टरमधून पाणी येतं आहे. पाईप जुना लोखंडी आहे आणि पाना लावल्यावर त्याच्या खपल्या निघतात. कनेक्शन पाईपाचा नट फिरवताना नळाचा आट्याचा दांडाच बुडातून सुटून गोल फिरतो. ग्रॅनाईटला भोकापासून चीर गेली आहे. पाणी कुठल्याही मार्गाने बंद होत नाही. ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली आहे, मग तर आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, नळ नंतर. यातलं काहीही दिसलं तर आणखी एक फेरा मारून बघू नका. दुरुस्तीचा खर्च त्या एका फेऱ्यात वाढतो.

प्लंबर तालुक्याहून येणार असेल तर त्याला फोनवर "नळ गळते" एवढंच सांगू नका, तो नुसती टेप घेऊन येईल. तुम्ही काढलेला व्हिडिओ पाठवा. नळ ओट्यावरचा की भिंतीतला, लाईन सीपीव्हीसीची की लोखंडी, दगड एकेरी की दुहेरी, नट आणि भिंत यांच्या मध्ये किती बोटांची फट आहे, आणि पाणी कुठून बंद होतं, एवढं सांगा. मग तो लांब पाना आणि जोडाचं सामान सोबत आणतो, आणि दुसऱ्या खेपेचं भाडं तुम्हाला द्यावं लागत नाही.